जिन्यातलं मीटर : कोल्हापुरातल्या एका इमारतीच्या वीजबिलाचं प्रकरण

इमारतीचं नाव, गल्ली आणि माणसांची ओळख मुद्दाम दिलेली नाही. ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत.

पार्श्वभूमी

पंचगंगेचं पाणी पुरात जिथवर चढतं त्या पट्ट्यातली ही इमारत, २००८ सालची. रस्त्याच्या बाजूला चार दुकानं, मागे पार्किंग, पहिल्या मजल्यावर चार ऑफिसं (त्यांत एक दवाखाना आणि एक क्लास), त्यावर चार मजल्यांत वीस फ्लॅट. एक लिफ्ट, जमिनीखाली पाण्याची टाकी, गच्चीवर दोन टाक्या, कोपऱ्यात एक बोअर. राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत अशा इमारती गल्लीगल्लीत आहेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पार्किंगमध्ये पाणी आलं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा आलं आणि त्या वेळी मीटरचा बोर्डच बुडाला. पाणी ओसरल्यावर बोर्ड उचलून पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर बसवला गेला. पंपाची मोटर उद्यमनगरात नेऊन वाइंडिंग करून आणली, पॅनेल नवीन घातलं, वायरी ओढल्या. ही सगळी कामं चार-पाच दिवसांत, चिखलात उभं राहून, मिळेल त्या वायरमनकडून करून घेतलेली. या प्रकरणाची मुळं त्या चार-पाच दिवसांत आहेत. मात्र ते कळायला पावणेतीन वर्षं गेली.

२०२४ च्या एप्रिलमध्ये माझा संबंध आला. माझी चुलत बहीण तिथं राहते, दाजी सोसायटीचे खजिनदार. फोनवर म्हणाले, “पाव्हणं, सोलरवाल्याचं कोटेशन आलंय. सही करायच्या आधी जरा बघून जावा.”

मी ऊर्जा लेखापरीक्षण करतो. माझी बरीच वर्षं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत गेली. तिथला मालक झोपेतून उठवला तरी एक टन लोखंड वितळवायला आपल्याकडे किती युनिट लागतात ते सांगतो. पाचशे ते सहाशेच्या दरम्यानचा आकडा असतो. त्यात वीस युनिटची वाढ झाली तरी तो भट्टीपाशी येऊन उभा राहतो. देशात विकल्या जाणाऱ्या विजेत उद्योगांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे आणि तिथं हिशेब ठेवणारी माणसं आहेत. मोठ्या कारखान्यांना तर २०१२ पासून वापर कमी करण्याची उद्दिष्टंच नेमून दिली जातात. साधारण पाव वीज घरांत जाते, आणखी आठ-नऊ टक्के दुकानं, ऑफिसं, हॉटेलं, दवाखान्यांत. म्हणजे देशाची जवळजवळ एक तृतीयांश वीज इमारतींत संपते. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता २००७ मध्ये आली, पण ती १०० किलोवॅटच्या वरच्या जोडभाराला (जोडलेल्या सगळ्या उपकरणांच्या एकूण क्षमतेला). निवासी इमारतींची ‘इको निवास संहिता’ २०१८ ची. आपली ही इमारत दोन्हींच्या बाहेर राहते. तिच्याकडे बघायला कोणताही अधिकारी येणार नव्हता. बघायचं ते तिथल्या माणसांनीच.

अडचण

सामायिक मीटरचं बिल, म्हणजे जिन्यातले दिवे, लिफ्ट, पंप आणि कॅमेरे यांचं, २०२१ च्या सुरुवातीला महिना आठ हजारांच्या घरात होतं. २०२४ च्या मार्चमध्ये ते बावीस हजारांवर गेलं. मासिक वर्गणी दोनदा वाढवावी लागली. तिसऱ्यांदा वाढवायचा विषय निघाला तेव्हा सभेत आवाज चढले आणि त्यातूनच सोलरचा प्रस्ताव पुढे आला.

बिल का वाढलं, याचं उत्तर सगळ्यांकडे तयार होतं: दर वाढले. ते खोटं नव्हतं. पण सोसायटीच्या वहीत दर महिन्याला फक्त रुपये लिहिलेले होते, युनिट एकदाही नाही. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. जुनी बिलं फाइलमध्ये होती. दाजींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही ती क्रमानं मांडली. पुरापूर्वी वापर साडेसहाशे युनिटच्या आसपास. २०२१ च्या ऑगस्टपासून चढत चढत बाराशेवर. मार्चचा आकडा १,२२६.

घरगुती दराला टप्पे असतात: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. सोसायटीच्या पंप, लिफ्ट, दिव्यांनाही हाच निवासी दर लागतो. पाचशेच्या वरचं प्रत्येक युनिट सगळ्यात महाग टप्प्यात पडतं. हे टप्पे आणि दरवाढ मिळून, युनिट दुपटीच्या आतच वाढले तरी बिल मात्र पावणेतीनपट झालं. दर वाढले म्हणून बिल वाढलं, या बोलण्याआड युनिट जवळजवळ दुप्पट होणं तीन वर्षं झाकून राहिलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कोटेशनमधला: १० किलोवॅटचं सोलर. किंमत साडेपाच लाख. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे १ लाख ८० हजार. उरलेले ३ लाख ७० हजार वीस फ्लॅटांत वाटले तर फ्लॅटमागे साडेअठरा हजार. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतं, दहा किलोवॅट १,२०० देईल, बिल जवळजवळ संपेल. विक्रेत्याचा हिशेब चोख होता. त्याला बिल दाखवलं, त्यानं बिलाच्या मापाचं यंत्र सुचवलं. बिल कशामुळे तेवढं आलं हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरा पर्याय सचिवांचा होता, लिफ्टला वेळा लावायच्या. दुपारी बारा ते चार बंद. चौथ्या मजल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी राहतात. हा पर्याय सभेतच पडला आणि पडायलाच हवा होता.

तिसरा पर्याय मी मांडला: पंधरा दिवस थांबा, मोजू, मग ठरवा. त्यावर खूप नाराजी झाली. अनुदान संपलं तर काय, हा प्रश्न रास्त होता. पण या प्रकरणातला पहिला खरा निर्णय तिथं झाला आणि तो ज्या कारणानं झाला ते कारण माझ्या आकडेमोडीत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एक काकू म्हणाल्या, “दहा किलोवॅट म्हणजे सगळी गच्ची झाकणार की. वाळवणं कुठं घालायची? सांडगे-पापडाचे दिवस हायत हे.” किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. टाक्या, लिफ्टची खोली आणि सौर हीटर वगळता गच्चीवर मोकळी जागा होती जेमतेम अकराशे चौरस फूट. हजार चौरस फूट पॅनेलनं व्यापली तर उरलं काय? उन्हाळा संपेपर्यंत तरी थांबू, असं ठरलं.

मोजणी

सामायिक पॅनेलमधून निघणाऱ्या प्रत्येक लाइनवर एक छोटं सब-मीटर बसवलं. यात मोठी विद्या काही नाही, बाजारात मिळणारी मीटरं आणि परवानाधारक वायरमनचं एका दिवसाचं काम.

पहिले चार दिवस मी लिफ्टमागे घालवले. जुनी मोटर, जुनं कंट्रोलर, म्हणजे दोष तिथंच असणार अशी माझी खात्री होती. लिफ्ट दिवसाला साडेपाच युनिट घेत होती. त्यातलं निम्म्याहून जास्त लिफ्ट चालायला लागतच नव्हतं: केबिनमधल्या दोन ट्यूब आणि पंखा रात्रंदिवस चालू होते, त्यांचेच तीन युनिट. सुधारण्यासारखं होतं, पण युनिट जवळजवळ दुप्पट झाल्याचं कोडं त्यात सुटत नव्हतं.

दिवे दिवसाला तेरा युनिट घेत होते. बावीस जुन्या ट्यूब, तांब्याच्या चोकसकट प्रत्येकी ५० वॅट. मला इथं वाईट वाटलं. वीसही फ्लॅटांत एलईडी दिवे आहेत. २०१५ मध्ये उजाला योजना आली, कोट्यवधी बल्ब वाटले गेले, घरातला प्रत्येक गोल बल्ब गेला. आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की जिन्यात २००८ सालची ट्यूब. जिना कुणा एकाचा नाही, म्हणून तो बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. पण ट्यूबही पुरापूर्वीपासून तेवढ्याच होत्या. वाढलेले सव्वापाचशे युनिट अजून सापडायचे होते.

मग पंप. पाच एचपीचा पंप, दिवसाला १२ युनिट. हा आकडा जास्त की कमी हे ठरवायला माप हवं. फाउंड्रीत टनामागे युनिट मोजतात, तसं इथं हजार लिटरमागे मोजलं. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. खालच्या टाकीच्या तळापासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत, पाइपातलं घर्षण धरून, २६ मीटर चढण. तेवढं उचलायला निव्वळ ०.०७ युनिट पुरतात. पंप, मोटर यांचं सगळं मिळून फक्त ३५ टक्के काम कारणी लागतं असं धरलं तरी हजार लिटरला ०.२ युनिट. वीस घरांत ऐंशी माणसं, माणशी १३५ लिटर (शहरी पाणीपुरवठ्यासाठी हेच माप धरतात), वर दुकानं-ऑफिसं. सव्वाबारा हजार लिटर होतात. म्हणजे दिवसाला अडीच युनिट लागायला हवेत. लागत होते बारा.

पाइप फुटला असता तर पन्नास हजार लिटर पाणी रोज कुठंतरी दिसलं असतं, आणि मुळात महापालिकेकडून तेवढं पाणी येत नाही. मी वॉचमन मामांना विचारलं, पंप कधी चालू करता? ते म्हणाले, आपण नाही करत, टायमर आहे. सकाळी, दुपारी, रात्री तासतासभर. पुरात टाकीतल्या फ्लोटची (टाकी भरली की पंप बंद करणाऱ्या तरंगत्या स्विचची) वायर गेली, तेव्हापासून टायमर लावलाय. टाकी तर पाऊण तासाच्या आत भरत असणार, मग उरलेलं पाणी? मामा माझी काळजी मिटवायला म्हणाले, “पाणी वाया जात न्हाई साहेब. वरनं भरलं की पाइपानं परत खालच्या टाकीतच येतंय.”

कुण्या एका कोरड्या उन्हाळ्यात, पाण्याचा थेंबही गच्चीवर सांडू नये म्हणून, ओव्हरफ्लोचा पाइप खालच्या टाकीला जोडला होता. चांगल्या हेतूनं केलेलं चांगलं काम. फ्लोट शाबूत होता तोवर त्याची गरज क्वचित पडे. टायमर आल्यावर मात्र पंप रोज साठ हजार लिटर वर चढवत होता, बारा हजार लोक वापरत होते आणि अठ्ठेचाळीस हजार लिटर गुपचूप खाली येऊन पुन्हा वर जात होतं. ओव्हरफ्लोचं पाणी रस्त्यावर पडलं असतं तर पहिल्याच दिवशी शेजारच्यांनी आरडाओरडा केला असता. पाणी वाचत होतं म्हणूनच वीज जाताना दिसली नाही. या हिशेबात महिन्याचे २८५ युनिट सापडले.

दुकानाची वायर

उरलेल्यांसाठी एका रात्री दोन वाजता मी आणि दाजी जिन्यात उभे राहिलो. पंप बंद, लिफ्ट बंद, दिवे बंद, कॅमेरेसुद्धा पाच मिनिटं बंद. सगळे एमसीबी (प्रत्येक लाइन तोडणारे स्विच) खाली पाडलेले. अंधारात मीटरवरचा लाल ठिपका तरीही लुकलुकत होता, अकरा-बारा सेकंदांनी एकदा. मीटरवर ८०० इम्पल्स छापलं होतं, म्हणजे ८०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. त्या क्षणी साधारण ४०० वॅट कुठंतरी जात होते.

सकाळी वायर शोधली. एमसीबीच्या आधीच, बसबारवरून (जिथून सगळ्या लाइनी फुटतात त्या पट्टीवरून), एक वायर भिंतीमागून खाली एका दुकानात गेली होती. दुधाचे पदार्थ आणि आइस्क्रीमचं दुकान. त्यावर दोन डीप फ्रीझर आणि बाहेरचा बोर्ड. दिवसाला आठ युनिट, महिन्याला २४०.

दुकानदाराला आम्ही दुकान उघडायच्या आधी गाठलं. तो गोंधळला, मग आठवून आठवून सांगू लागला. पुराच्या वेळी त्याचं मीटर बंद पडलं होतं आणि फ्रीझरमधला माल वितळायला लागला होता. तेव्हा सोसायटीच्याच एका सभासदानं वायरमनला सांगून सामायिक बोर्डावरून तात्पुरती लाइन दिली होती. नंतर त्याचं मीटर आलं, दुकानातले दिवे-पंखे त्यावर गेले, फ्रीझरची वायर तशीच राहिली. त्याला माहीत होतं का? माझं मत: पहिले काही महिने माहीत नसावं, पुढे लक्षात आलं असावं आणि बोलायची वेळ निघून गेली असावी. याहून जास्त मी सांगू शकत नाही.

सभा झाली. काहींचं म्हणणं, चौतीस महिने गुणिले २४०, आठ हजारांवर युनिट होतात, सगळे पैसे वसूल करा. अध्यक्ष म्हणाले, पुरात त्याचा माल वाचावा म्हणून वायर आपणच दिली, काढायची आठवण आपणच ठेवली नाही. दोन तास खल झाला. मी एकच गोष्ट लावून धरली: वायर आज काढा, पैशाचं नंतर बघा. निवासी दराच्या जोडणीवरून दुकान चालवणं हे २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात मोडतं, आकारणी दुप्पट दरानं होते आणि ती मीटर ज्याच्या नावावर त्याच्यावर होऊ शकते. इथं मीटर सोसायटीच्या नावावर होतं.

वायर त्याच दिवशी निघाली. दुकानदारानं ठरलेली रक्कम सहा हप्त्यांत सोसायटीच्या खात्यात भरायचं कबूल केलं आणि भरली. महावितरणच्या उपविभागाला पत्र देऊन सगळं कळवावं, असं मी सुचवलं होतं. समितीनं ते केलं नाही, आणि मीही नेटानं धरून बसलो नाही.

काय केलं आणि काय झालं

गच्चीवरच्या आणि खालच्या टाकीत नवीन लेव्हल सेन्सर बसवले, टायमर काढून टाकला. बावीस ट्यूबच्या जागी २० वॅटचे एलईडी आले. पार्किंगमध्ये रात्रभर, जिन्यात हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर. लिफ्टच्या केबिनमध्ये एलईडी, आणि पाच मिनिटं कुणी वापरली नाही की पंखा-दिवा बंद. सब-मीटरसकट सगळा खर्च तीस हजारांच्या आत बसला.

सेन्सरचे दिवे चौथ्या मजल्यावर टिकले नाहीत. दार उघडल्यावर क्षणभर अंधार असतो, त्या क्षणाची आजींना भीती वाटायची. तिथले दोन दिवे पुन्हा रात्रभर चालू ठेवले. माझ्या दृष्टीनं हा योग्य बदल होता.

जुलैचं बिल ३५२ युनिटचं आलं, रुपये पाच हजारांच्या आत. वाया जाणारे सव्वापाचशे युनिट म्हणजे आमच्या भाषेत दर महिन्याला एक टन लोखंड वितळवण्याइतकी वीज. ती चौतीस महिने गेली होती.

त्यानंतर सोलरचा विषय पुन्हा आला, आणि यायलाच हवा होता. ३५२ युनिटला ३ किलोवॅट पुरतात. गच्चीचा तीनशे चौरस फुटांचा तुकडा. एका सभासदानं मला विचारलं, दहा किलोवॅट घेतलं असतं तरी बिल शून्यच झालं असतं, मग हा खटाटोप कशाला? बरोबर आहे, बिल शून्याजवळ गेलं असतं, आणि बावीस हजारांच्या बिलावर ते पैसे लवकर वसूलही झाले असते. पण पाणी तसंच गोल फिरत राहिलं असतं, दुकानाची वायर तशीच राहिली असती, आणि बिलच येत नाही म्हटल्यावर ती दोन्ही कधीच कुणाला दिसली नसती. पुढं कधी दुरुस्ती झाली असती तर महिन्याला आठशे-साडेआठशे युनिट उरले असते, आणि वर्षअखेरीला शिल्लक युनिटला मिळणारा दर आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. ३ किलोवॅटचा ठराव एकमतानं झाला. कोल्हापूरच्या पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, उत्पादन बरंच खाली येतं, हे मी आधीच लिहून दिलं, म्हणजे पहिल्या पावसात कुणाचा भ्रमनिरास व्हायला नको.

फ्लॅटांच्या आतलं

सामायिक मीटरचं काम झाल्यावर मी विनंती केली, ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपापलं बिल दाखवावं. वीसपैकी चौदा घरांनी दाखवलं. सगळ्यात कमी ६२ युनिट, सगळ्यात जास्त ४१०, सरासरी १३०. वीस घरांचे मिळून साधारण २,६०० युनिट. समोरची आठ मीटरं, म्हणजे दुकानं आणि ऑफिसं, मिळून २,९००. त्यात सामायिक १,२२६ मिळवले की इमारतीचा महिन्याचा वापर पावणेसात हजार युनिट. वीस घरांपेक्षा आठ मीटरं जास्त खातात हे पाहून लोक चकित झाले. पण सामायिक मीटर एकटं वीस घरांच्या निम्म्याएवढं खात होतं, हे मला त्याहून धक्कादायक वाटतं.

घरांत वीज कुठं जाते? चार माणसांच्या घरात तीन साधे पंखे दहा तास चालले तर महिन्याला ६५-७० युनिट. बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) निम्म्याहून कमी घेतो, म्हणून वीस घरांना मी पहिला सल्ला पंख्यांचा दिला. एक बादली पाणी अंघोळीपुरतं तापवायला ०.४ युनिट, चार जणांचे महिन्याला पन्नास. ज्यांच्या छतावर सौर हीटर आहे त्यांचे हे पन्नास पावसाळा सोडला तर वाचतात. माझ्या लहानपणी मंगळवार पेठेत परसात तांब्याचा बंब धडधडायचा. आई पहाटे त्यात लाकडं सारायची. ती ऊर्जा कुठल्याच मीटरवर येत नव्हती, तिचा हिशेब आईच्या डोळ्यांत जाणाऱ्या धुरात होता. आजही घराची सगळी ऊर्जा वीजबिलावर येत नाही. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते. सिलिंडर दीड महिना पुरत असेल तर महिन्याला १२० युनिट; म्हणजे सरासरी घराच्या विजेइतकीच ऊर्जा शेगडीवर जाते. घरांच्या वापराबद्दल बोलताना नुसती वीज धरली तर निम्मं घर हिशेबाबाहेर राहतं.

४१० युनिटचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावरचं. दोन एसी. त्यांना सभेत उधळे म्हटलं गेलं होतं, ते मला पटलं नाही. दिवसभर तापलेला उघडा स्लॅब रात्री अकरापर्यंत खोलीत उष्णता सोडतो. इको निवास संहितेत छतातून उष्णता किती शिरावी यावर मर्यादा आहे. २००८ च्या या स्लॅबला ती कधी लागूच नव्हती. त्या घराची वीज खर्च होते ती सगळ्यांच्या डोक्यावरचं छत सगळ्यांनी तसंच सोडल्यामुळे. गच्चीला पांढरा परावर्तक थर द्यावा, हा माझा प्रस्ताव अजून निकालात निघालेला नाही. खर्च सगळ्यांनी करायचा आणि गारवा पाच घरांना, हा आक्षेप आहे. सलग तीन सभांत हा विषय पुढे ढकलला गेला. देशात थंडाव्यासाठी लागणारी यंत्रणा २०१७-१८ पासूनच्या वीस वर्षांत सुमारे आठपट होईल, असा अंदाज २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात आहे. ती आठपट कशी होते ते मला या पाच फ्लॅटांत दिसतं: गेल्या दोन उन्हाळ्यांत तिथं तीन नवीन एसी लागले.

वेगळं काय करता आलं असतं

पुरानंतर वीज सुरू झाली त्याच आठवड्यात ‘तात्पुरतं’ म्हणून जे जे केलं त्याची यादी जिन्यात चिकटवायला हवी होती. टायमर, दुकानाची वायर, उघडे जोड. पुराच्या पट्ट्यातल्या प्रत्येक इमारतीत अशी यादी असते, फक्त ती कुणाच्या तरी डोक्यात असते आणि तो माणूस फ्लॅट विकून जातो. इथंही वायर द्यायला सांगणारे गृहस्थ २०२२ मध्ये पुण्याला गेले.

माझ्याकडून दोन गोष्टी चुकल्या. लिफ्टमागे चार दिवस घालवण्याऐवजी पहिल्याच रात्री सगळं बंद करून मीटर बघायला हवं होतं. ती पाच मिनिटांची चाचणी आता मी प्रत्येक इमारतीत सगळ्यात आधी करतो. आणि महावितरणला पत्र देण्याचा आग्रह धरायला हवा होता. प्रकरण आपसात मिटलं, संबंध राहिले, हे खरं. पण निवासी दराच्या मीटरवर दुकानाची वीज चौतीस महिने गेली, याचा हिशेब दोन पक्षांनी आपसात करून टाकला आणि तिसऱ्याला सांगितलंच नाही, ही बोच मला आहे.

समितीनं मोजणीसाठी वेळ दिला तो वाळवणांमुळे. त्या काकू त्या दिवशी सभेला आल्या नसत्या तर सही झाली असती. असे निर्णय नशिबावर राहू नयेत म्हणून आता सोसायटीच्या ठरावात एक ओळ घातली आहे: दहा हजारांवरच्या कुठल्याही विजेच्या खरेदीआधी बारा महिन्यांचे युनिट सभेपुढे मांडायचे.

वॉचमन मामा रोज सकाळी सात वाजता चार सब-मीटरं वहीत उतरवतात. ऑक्टोबरमध्ये एके दिवशी त्यांनी दाजींना हाक मारली: पंपाचे तीनाऐवजी सात युनिट झालेत. खालच्या टाकीतला सेन्सर गाळानं अडकला होता. दुपारपर्यंत साफ झाला.